नाकातल्या काडीची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२२ सालचा जुलै महिना. कल्याणात पावसानं मुक्काम ठोकला होता. अम्मीला चार दिवस ताप होता. वय ऐंशीच्या पुढे. घरात जे होतं तेच चाललं होतं. आल्याचा काढा, तापाची गोळी, छातीला बाम आणि ‘उद्या बघू’. चौथ्या रात्री तिला धाप लागली, तेव्हा कुठे आम्ही जागे झालो. भर पावसात रिक्षा करून तिला एका रुग्णालयात नेलं. त्या पावसाळ्यात ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत स्वाइन फ्लूचे रुग्ण सापडत होते, त्यामुळे तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी छाती तपासली आणि अहवालाची वाट न पाहता औषध सुरू केलं. ओसेल्टामिव्हिर. सकाळी एक, रात्री एक, असं पाच दिवस. लोक त्याला टॅमिफ्लू या नावानं ओळखतात.

मग परिचारिका ती लांब काडी घेऊन आली आणि मी आडवा आलो. दोन वर्षं करोनाच्या काड्यांनी सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला आला होता. मी म्हणालो, “औषध तर सुरू केलंत. मग आता म्हातारीच्या नाकात काडी कशाला?”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “काका, औषध त्यांच्यासाठी आहे. नमुना थोडा त्यांच्यासाठी आणि बराचसा इतरांसाठी.”

मला ते उत्तर पटलं नाही. माझी आई श्वासासाठी झगडत असताना इतरांचं मला काय? मी नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही.

तिसऱ्या दिवशीही ताप हटेना. मी डॉक्टरबाईंना गाठलं आणि आवाज चढवून विचारलं, “औषध लागू का पडत नाही?”

त्या शांतपणे म्हणाल्या, “काका, त्याचं उत्तर शोधायला तो नमुना लागतो.”

मी खाली मान घातली. त्या दिवशी काडी गेली. अहवाल आला, एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूच. पुढे दोन दिवसांनी ताप उतरला आणि दहाव्या दिवशी अम्मी घरी आली. औषध लागू पडायला उशीर झाला तो बहुधा आमच्याच हलगर्जीपणामुळे. हे औषध ताप आल्यापासून पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झालं तर खरं काम करतं आणि आम्ही चौथ्या रात्री पोहोचलो होतो. पण डॉक्टरबाईंचं ते वाक्य मनातून जाईना. मी साहित्याचा माणूस, बी.ए.च्या पुढे शिकलो नाही. तरीही वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हे औषध करतं काय ते पाहू. फ्लूचा विषाणू आपल्या घशातल्या, श्वासनलिकेतल्या पेशीत शिरतो आणि तिथे आपल्यासारखे असंख्य विषाणू तयार करून घेतो. हे नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात, गुळाच्या ढेपेला मुंग्या चिकटाव्यात तसे. सुटायचं तर तो चिकटपणा कापावा लागतो. त्यासाठी विषाणूच्या अंगावर एक कात्री असते. शास्त्रज्ञ तिला न्यूरामिनिडेज म्हणतात. एच१एन१ मधला ‘एन’ तो हाच. ओसेल्टामिव्हिर या कात्रीच्या पात्यांत जाऊन अडकतं. कात्री मिटत नाही, नवे विषाणू जागच्या जागी अडकून पडतात आणि बाकीचं काम आपलं शरीर करतं.

या औषधाची एक गंमत माझ्या स्वयंपाकघरात सापडली. बिर्याणीत आम्ही जे बादियान घालतो, म्हणजे मराठी गृहिणींच्या गरम मसाल्यातलं चक्रीफूल, त्यातून शिकिमिक आम्ल काढतात आणि त्यापासून हे औषध बनवण्याची पद्धत रूढ झाली. हे फूल मुख्यतः दक्षिण चीनमध्ये होतं. २००५ साली बर्ड फ्लूच्या भीतीनं देशोदेशींची सरकारं टॅमिफ्लूचे साठे करू लागली, तेव्हा चक्रीफुलाचा भाव भडकला होता. पुढे जंतूंकरवी आंबवूनही हे आम्ल मिळू लागलं. मात्र एक गैरसमज नको. चक्रीफुलाचा काढा म्हणजे टॅमिफ्लू नव्हे. त्या आम्लाला रसायनशाळेतल्या अनेक पायऱ्या चढून यावं लागतं, तेव्हा कुठे औषध हाती येतं. बिर्याणीनं फ्लू बरा झाला असता तर आमच्या घरी तो कधी आलाच नसता!

आता विषाणूकडे वळू. पुस्तक छापताना मुद्रितं तपासायला कुणी नसेल तर काय होतं हे आम्हा कवींना चांगलं ठाऊक असतं. ‘दिन’ लिहावं आणि ‘दीन’ छापून यावं. एका वेलांटीचा फरक, पण दिवसाचा गरीब होतो! फ्लूच्या विषाणूकडे मुद्रितशोधकच नाही. त्याचा सगळा मजकूर आठ तुकड्यांत मिळून साडेतेरा हजार अक्षरांच्या आसपास भरतो. त्याच्या प्रती भराभर निघतात आणि चुका तशाच राहून जातात. बहुतेक चुकांनी विषाणूचंच नुकसान होतं. पण कधी एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते.

अशी एक प्रसिद्ध चूक आहे. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलंय एच२७५वाय. विषाणूची कात्री हा प्रथिनाचा एक धागा असतो, मण्यांच्या माळेसारखा. त्यातला २७५ वा मणी असतो हिस्टिडिन. मूळ मजकुरातलं एकच अक्षर बदललं की त्या जागी टायरोसिन नावाचा जाडजूड मणी येतो. त्यानं काय बिघडतं हे आपण लोकलवाल्यांना लगेच कळेल. गर्दीच्या वेळी तीन जणांच्या बाकावर चौथा येऊन म्हणतो, “जरा सरकून घ्या.” कडेचे थोडे सरकतात आणि चौथ्याची अर्धी का होईना, सोय होते. ओसेल्टामिव्हिर हा तो चौथा प्रवासी. कात्रीत बसायला त्याला जवळच्या २७७ व्या मण्यानं थोडं सरकून जागा द्यावी लागते. पण २७५ व्या जागी जाडजूड प्रवासी येऊन बसला की २७७ व्याला सरकताच येत नाही. औषध उभंच राहतं आणि कात्री आपलं काम करत राहते. याच घराण्यातलं झॅनामिव्हिर नावाचं दुसरं औषध श्वासावाटे भुकटीच्या रूपात घेतात. त्याला बसायला कुणी सरकावं लागत नाही, त्यामुळे या विषाणूवरही ते चालतं. म्हणजे ‘विषाणू औषधाला दाद देत नाही’ असं म्हणताना कुठला विषाणू आणि कुठलं औषध, हे दोन्ही सांगावं लागतं.

हा केवळ पुस्तकी धोका नाही. फ्लूवर याआधीही एक औषध होतं, अमॅन्टाडिन. विषाणूच्या अंगावरचं एक बारीकसं भोक ते बुजवायचं. बरीच वर्षं ते चाललं. १९९४-९५ मध्ये जगभरातून तपासलेल्या विषाणूंत त्याला न जुमानणारे शेकडा अर्धाही नव्हते. २००३-०४ मध्ये ते प्रमाण शेकडा बारावर गेलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत इतकं चढलं की जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं डॉक्टरांना हे औषध फ्लूसाठी देऊच नका, असं कळवलं. अमॅन्टाडिन आजही मिळतं, पण ते कंपवाताच्या रुग्णांसाठी. कारखान्यात औषध तेच बनत होतं, गोळीही तीच होती. बदलला होता तो विषाणू.

मग ओसेल्टामिव्हिरची पाळी आली. सगळ्यांना वाटत होतं की ज्या देशात हे औषध सर्वांत जास्त खपतं तिथे त्याला दाद न देणारे विषाणू आधी दिसतील. तो देश होता जपान. पण जानेवारी २००८ च्या अखेरीस बातमी आली ती नॉर्वेहून! तिथे हे औषध फारसं कुणी घेत नव्हतं. तरीही त्या हिवाळ्यात तपासलेल्या हंगामी एच१एन१ विषाणूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश विषाणूंवर त्याचा असर होत नव्हता. वर्षभरात जगातल्या बहुतेक भागांत त्या जुन्या हंगामी एच१एन१ ची हीच गत झाली.

असं का व्हावं? आधी तज्ज्ञांचा समज होता की एच२७५वाय या चुकीनं विषाणू पंगू होतो, म्हणून तो फार पसरणार नाही. पुढे कळलं की त्या विषाणूच्या मजकुरात आधीच एक-दोन वेगळे बदल होऊन गेले होते आणि त्यांनी या पंगूला कुबडी दिली होती. औषध घेणारे असोत वा नसोत, तो धडधाकट विषाणूइतकाच पसरू लागला.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. औषध निकामी झालं की आपण लगेच म्हणतो, लोकांनी वाट्टेल तसं खाल्लं म्हणून झालं. प्रतिजैविकांच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी खरं आहे आणि फ्लूच्या औषधाचाही अकारण मारा करू नये हे उघड आहे. पण नॉर्वेनं दाखवून दिलं की सगळ्यांनी शहाण्यासारखं वागूनही फ्लूच्या विषाणूत असा बदल होऊ शकतो आणि तो वाऱ्यासारखा पसरू शकतो. नुसत्या शिस्तीनं भागत नाही, पहाराही ठेवावा लागतो. नॉर्वेचा बदल कळला तो पहारा होता म्हणूनच. कुणीतरी साध्या सर्दी-तापाच्या रुग्णांच्या नाकातला द्राव गोळा करत होतं आणि त्यातल्या विषाणूवर औषध घालून पाहत होतं.

आपल्या महाराष्ट्रात हा पहारा कुणाकडे आहे? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे. लोक तिला एनआयव्ही म्हणून ओळखतात. १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं ती विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि १९७८ साली तिला आजचं नाव मिळालं. योगायोग पाहा, जागतिक आरोग्य संघटनेनं फ्लूवर नजर ठेवणारं जागतिक जाळं उभारलं तेही १९५२ सालीच. आज शंभराहून अधिक देशांतल्या प्रयोगशाळा या जाळ्यात आहेत आणि पुण्याची संस्था त्यातलं भारताचं राष्ट्रीय फ्लू केंद्र आहे.

या संस्थेची मोठी परीक्षा फेब्रुवारी २००६ मध्ये झाली. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. भारतातला तो पहिला उद्रेक. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्याआधी काही महिनेच व्हिएतनाममधून बातमी आली होती की बर्ड फ्लूच्या काही रुग्णांतला विषाणू टॅमिफ्लूला दाद देत नाही. त्यामुळे नवापूरच्या माणसांचे नमुने पुण्याला गेले तेव्हा साऱ्या देशाचं लक्ष तिकडे होतं. सुदैवानं एकाही माणसाला लागण झाल्याचं आढळलं नाही.

मग आलं २००९. मेक्सिको-अमेरिकेकडून नवा एच१एन१ निघाला, तोच स्वाइन फ्लू. ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा त्यात मृत्यू झाला. देशातला हा पहिला बळी. पुण्यात नायडू रुग्णालयापुढे आणि मुंबईत कस्तुरबापुढे रांगा लागल्या. मुंबईत शाळा-महाविद्यालयं आठवडाभर आणि चित्रपटगृहं तीन दिवस बंद राहिली. ऐन दहीहंडीवर सावट पडलं. ठाण्याच्या फलाटावर तोंडाला रुमाल बांधलेली एवढी माणसं मी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. टॅमिफ्लू सुरुवातीला फक्त सरकारी यंत्रणेतून मिळत होतं, दुकानात नाही. आम्ही तेव्हा बोटं मोडली. पण लोक घाबरून औषध खात सुटतील आणि विषाणूला आयती संधी मिळेल, ही भीती त्यामागे होती. नंतर ठरावीक दुकानांतून विक्री सुरू झाली. आज ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं आणि दुकानदाराला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते.

त्या साथीत एक विलक्षण गोष्ट घडली. जुना हंगामी एच१एन१ ओसेल्टामिव्हिरला जुमानत नव्हता, पण बहुतेक ठिकाणी अमॅन्टाडिनला वचकून होता. नवा स्वाइन फ्लूचा विषाणू नेमका उलटा निघाला. त्यावर अमॅन्टाडिन कुचकामी आणि ओसेल्टामिव्हिर गुणकारी. नवा आला आणि त्यानं जुन्याला हुसकावून लावलं. हातातून गेलेलं औषध असं परत हाती आलं. याला कर्तबगारी म्हणता येणार नाही, हे नशीब. पण नशीब उघडलंय हे तरी डॉक्टरांना कसं कळलं? प्रयोगशाळांनी विषाणू तपासून सांगितलं म्हणून. पुण्याच्या संस्थेनंही आपल्याकडचे विषाणू तपासले. त्यातले जवळजवळ सगळे ओसेल्टामिव्हिरला दाद देणारे होते. २०१५ साली देशात स्वाइन फ्लूचे बेचाळीस हजारांहून अधिक रुग्ण आणि सुमारे तीन हजार मृत्यू नोंदले गेले, तेव्हा डॉक्टर हेच औषध विश्वासानं देऊ शकले ते या पहाऱ्याच्या जोरावर.

आता तो नमुना कसा जातो ते सांगतो. काही ठरावीक रुग्णालयांत दोन प्रकारच्या रुग्णांवर नजर ठेवलेली असते. एक, बाह्यरुग्ण विभागात ताप-खोकला घेऊन आलेले आणि दुसरे, श्वासाच्या त्रासानं दाखल झालेले. त्यांतल्या काहींच्या नाका-घशातून काडीनं द्राव घेतात. काडी एका छोट्या कुपीत, विषाणू टिकवून धरणाऱ्या पाण्यात बुडवतात. कुपीवर चिठ्ठी. कुपीभोवती तीन आवरणं. मग बर्फाची पेटी. प्रयोगशाळेत आधी विषाणू आहे का आणि कुठल्या जातीचा, हे पाहतात. त्यातून निवडलेले विषाणू पुढच्या तपासणीला जातात.

पुढची तपासणी दोन अंगांनी होते. एक म्हणजे विषाणूचा मजकूर अक्षरशः वाचून काढायचा आणि ओळखीच्या चुका शोधायच्या. हे काम लवकर होतं. पण चूक अनोळखी असेल तर नुसत्या वाचनानं कळत नाही. म्हणून दुसरी परीक्षा. विषाणू आधी काचेच्या भांड्यातल्या पेशींवर वाढवतात. त्या पेशी मूळच्या एका कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या, १९५८ साली वेगळ्या केलेल्या आणि आजतागायत जगभर वाढवल्या जाणाऱ्या. मग त्या विषाणूला एक खास पदार्थ कापायला देतात. तो कापला गेला की चमकतो. चमक जास्त म्हणजे कात्री जोरात. आता त्यात थोडं थोडं औषध घालत जायचं आणि चमक निम्म्यावर यायला किती औषध लागलं ते मोजायचं. नेहमीच्या विषाणूच्या तुलनेत दहापटीपर्यंत जास्त लागलं तर काळजी नाही. दहा ते शंभरपट लागलं तर औषधाचा असर घटला. शंभरपटीच्याही वर गेलं तर फारच घटला. हे माप ‘ए’ प्रकारच्या फ्लूचं, ‘बी’ प्रकारासाठी ते आणखी कडक आहे.

यातून निघणारी माहिती त्या एका प्रयोगशाळेत पडून राहत नाही. ती जागतिक जाळ्यात जाते. दरवर्षी फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ बसतात आणि पुढच्या हंगामाच्या लशीत कुठले विषाणू घ्यायचे ते ठरवतात. त्यासाठीही हेच नमुने लागतात. म्हणजे कल्याण-डोंबिवलीतल्या एखाद्या आजीच्या नाकातला थेंब पुढच्या वर्षीच्या लशीच्या आणि औषधाच्या निर्णयात एक मत टाकून जातो.

पण एका नमुन्यानं असा काय फरक पडतो? हाच प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आणि थोडा हिशेब केला. समजा, शंभरातला एकच विषाणू औषधाला दाद देत नाही. आपण पन्नास नमुने तपासले, तर तो एकदाही न सापडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते! तो निदान एकदा तरी सापडेल अशी पंचाण्णव टक्के खात्री हवी असेल तर सुमारे तीनशे नमुने लागतात. त्यातही ते नमुने एकाच शहरातले, एकाच वयाचे असून चालत नाहीत. फ्लूचा हंगामही सगळीकडे एक नसतो. आपल्याकडे मुंबई-पुण्याला तो पावसाळ्यात उसळतो, काश्मिरात हिवाळ्यात. माझ्यासारखे नाही म्हणणारे वाढले की जाळ्याची भोकं मोठी होतात आणि जो मासा पकडायचा तोच निसटतो.

आजची स्थिती काय, असं कुणी विचारील. घाबरण्यासारखं काही नाही. अलीकडच्या बहुतेक वर्षांत जगभर तपासलेल्या फ्लूच्या विषाणूंत ओसेल्टामिव्हिरचा असर घटलेले शंभरात एकाहूनही कमी आढळले. पण गाफील राहण्यासारखंही नाही. २०११ साली ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलच्या परिसरात असे विषाणू एका पाठोपाठ एक सापडले आणि त्यातल्या बहुतेक रुग्णांनी औषधाला हातही लावला नव्हता. २०१३-१४ मध्ये जपानमधल्या सापोरोत तेच झालं. दोन्हीकडे आग आपोआप विझली. २०२३ पासून दोन नव्या चुका एकाच विषाणूत असल्याचं दिसू लागलं आणि अशा विषाणूंची नोंद पाच खंडांतल्या पंधरा देशांत झाली. त्यांच्यावर औषध पूर्ण निकामी झालेलं नाही, असर मात्र काहीसा घटला आहे. २०१८ साली जपानमध्ये बॅलोक्साव्हिर नावाचं नवं औषध आलं. एकाच मात्रेत काम करणारं. पण मुलांवरच्या एका चाचणीत ते घेतलेल्यांपैकी जवळपास पाव मुलांत विषाणूनं त्याच्याविरुद्धही बदल करून दाखवला. मुद्रितशोधक नसलेला छापखाना असा रात्रंदिवस चालूच आहे.

मग आपण काय करायचं? पहिली गोष्ट, साध्या सर्दी-तापाला स्वतःच्या मनानं टॅमिफ्लू घ्यायचं नाही. धडधाकट माणसाचा फ्लू बहुधा विश्रांतीनं बरा होतो. पण म्हातारी माणसं, गरोदर बायका, लहान मुलं, दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेले यांना ताप-खोकला झाला, किंवा कुणालाही धाप लागली, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. आम्ही म्हटलं आणि त्याची शिक्षा अम्मीनं भोगली.

दुसरी गोष्ट, औषध सुरू झालं तर ते पुरं करायचं. पाच दिवसांच्या दहा कॅप्सूल म्हणजे दहाच. सहा खाऊन बरं वाटलं म्हणून चार कपाटात ठेवायच्या आणि पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्याला द्यायच्या, हा शेजारधर्म नव्हे. आमच्या चाळीत मी हे पाहिलंय आणि खोटं कशाला बोलू, केलंही आहे. शरीराची प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत विषाणू आठवडे न् आठवडे ठाण मांडतो आणि लांबलेल्या उपचारात त्याला बदल करायला वाव मिळतो, म्हणून त्यांच्या बाबतीत डॉक्टरांना अधिकच जागरूक राहावं लागतं. अशा माणसाच्या घरी ताप घेऊन जाऊ नये, एवढं तर आपल्या हाती आहे.

तिसरी गोष्ट, लस. औषधाला न जुमानणारा विषाणूही लशीला जुमानतो, कारण लशीची तालीम वेगळी असते. साठीच्या पुढच्यांनी आणि जुनाट आजार असलेल्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना तिच्याविषयी जरूर विचारावं.

आणि चौथी गोष्ट ती काडी. तिनं नाकात हुळहुळतं, डोळ्यांत पाणी येतं, पण दहा सेकंदांत सगळं आटोपतं. ज्याच्या नाकात ती जाते त्याला तिचा फायदा होईलच असं नाही. औषध तर आधीच सुरू झालेलं असतं आणि औषधाच्या तपासणीचा निकाल लागेपर्यंत तो बरा होऊन घरी गेलेला असतो. तो थेंब पुढे ज्यांना ताप येणार आहे त्यांच्यासाठी असतो. सकाळच्या गाडीत आपल्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या, नावगाव माहीत नसलेल्या माणसासाठी.

१९१८ साली मुंबईच्या गोदीतून फ्लू देशात पसरला, तेव्हा ना औषध होतं, ना लस, ना विषाणू ओळखणारी प्रयोगशाळा. देशात एक कोटीहून जास्त माणसं दगावली. आज आपल्या हाती जे काही आहे ते अनोळखी माणसांनी दिलेल्या अशा थेंबांवर उभं आहे. अम्मीला त्या रात्री जी कॅप्सूल दिली ती चालेल हे डॉक्टरबाईंना ठाऊक होतं, कारण त्याआधी कुणीतरी, कुठेतरी, आपलं नाक पुढे केलं होतं.

या पावसाळ्यात मला ताप आला. दवाखान्यात काडी पुढे आली, तेव्हा मी मान मागे टाकून मुकाट्यानं डोळे मिटले. शेजारी बसलेली अम्मी हसली आणि म्हणाली, “आता कसं?”